पेलाभर निवळी

मार्गशीर्षातला गुरुवार होता. उपास होता, पोथी समोर होती. पण इंदूबाईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ओव्या ओठांवरून जात होत्या आणि कान रस्त्याकडे लागले होते. भिंगारच्या छावणीतून लष्कराच्या लॉऱ्या निघाल्या की घराची तावदानं थरथरत, आणि तावदानं थरथरली की त्यांना शाळेच्या कपाटातला पेला आठवे. एकच ओवी पुन्हा पुन्हा म्हटली जातेय हे लक्षात आल्यावर त्यांनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, अध्याय पुरा केला आणि चपला पायांत अडकवल्या.

पेल्यात चुन्याची निवळी होती. चुना पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी अलगद काढून घ्यायचं, एवढंच काम. पण या लढाईच्या दिवसांत लॉऱ्यांनी गाळ बसू दिला तर ना! पातेल्याला हादरा बसला की सगळं पुन्हा गढूळ. आदल्या संध्याकाळी कशीबशी पेलाभर निवळी हाती लागली होती. ती झाकून त्यांनी कपाटात ठेवली होती आणि किल्ली वर्गातल्या बनूजवळ दिली होती. निवळीत नळीनं श्वास फुंकला की पाणी दुधासारखं होतं; आपल्या श्वासातून कर्बाम्लवायू बाहेर पडतो त्याची ती खूण. आज मुली हा प्रयोग राधाकृष्णपंतांसमोर करणार होत्या.

राधाकृष्णपंत संस्थेचे अध्यक्ष. वकिली उत्तम चालायची, माणूसही वाईट नव्हता. पण मुलींच्या वर्गाला शास्त्र हा विषय हवा कशाला, हे त्यांना कोणी पटवून दिलं नव्हतं. पुढच्या सालापासून त्या तासाला शिवण ठेवावं, मशीन आपण देववतो, असं त्यांनी मुख्याध्यापक शामकांतरावांना सांगून टाकलं होतं. शामकांतरावांनी कशीबशी एक सवलत मिळवली. पंतांनी एकदा वर्ग पाहावा, मग काय ते ठरवावं.

वर्गात मुली आठ. खर्ड्याच्या शेतकऱ्याची छबू मावशीकडे राहून शिकत होती. बाकीच्या भिंगारच्याच, कारकुनांच्या नि भिक्षुकांच्या घरच्या. इंदूबाईंचा एक नेम होता. उद्या काय शिकायचं ते आज सांगायचं, आणि उद्या वर्गाच्या दारातच प्रत्येकीला त्यावर एक प्रश्न विचारायचा. उत्तर आलं नाही तर रागावणं नाही. मैत्रिणीकडून समजून घेईपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं, एवढंच. कोऱ्या मनानं आत येऊन बसायचं नाही. काल निघताना त्यांनी मुलींना बजावलं होतं की पाहुण्यांसमोर न केलेलं, न पाहिलेलं असं काही होता कामा नये. पपईच्या पानाचा पोकळ देठ प्रत्येकीनं आपापला आणायचा. काचेची नळी एकच होती, आणि एकीनं तोंड लावलेल्या नळीला दुसरी तोंड लावील अशी त्या वर्गात एकही मुलगी नव्हती.

शाळेत पोचल्यावर त्यांनी आधी कपाट उघडवलं. निवळी आरशासारखी स्वच्छ होती. तरी जिवाला स्वस्थता येईना. दारातल्या प्रश्नांना मुलींनी पटापट उत्तरं दिली, इतकी पटापट की इंदूबाईंनाच कसंतरी वाटलं.

राधाकृष्णपंत आले, खुर्चीत बसले, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. बनू पुढे झाली. तिनं देठ निवळीत बुडवला आणि फुंकलं. बुडबुडे आले. पाणी होतं तसंच राहिलं.

बनूनं पुन्हा फुंकलं. मग दुसरी आली, मग तिसरी. गाल फुगले, कपाळावर घाम आला. पाण्यावर साधं सावटसुद्धा धरेना. इंदूबाईंच्या डोक्यात विचारांची गर्दी झाली. चुना जुना असेल का? निवळी काढताना साधं पाणीच वर आलं असेल का? शामकांतराव खिडकीबाहेर बघू लागले.

पंतांनी घड्याळ खिशात घातलं. “बाई, मुलींच्या श्वासात तो वायूच नाही असं धरायचं का? मग शिवण काय वाईट? तिथं धागा निदान डोळ्यांना दिसतो.” ते हसले, आणि आणखी काही लागट न बोलता उठू लागले. त्या सौम्यपणाचीच इंदूबाईंना जास्त भीती वाटली.

मुली एकमेकींकडे पाहत होत्या. बनूचे डोळे भरून आले होते. मागून छबू बोलली, “बाई, सांगू का? सकाळी आमी फुकलं हुतं यात.”

“कोणी?”

“समद्यांनीच. तयारी म्हनून.”

मग एकेकीकडून सगळं बाहेर आलं. शिपाई पुंजाराम झाडायला आला तेव्हाच त्या येऊन थांबल्या होत्या. बाई म्हणाल्या होत्या ना, न केलेलं काही नको. म्हणून प्रत्येकीनं आपापल्या देठानं फुंकून पाहिलं. पहिल्या दोघींच्या वेळी पाणी दुधासारखं झालं आणि सगळ्या घाबरल्या, आता पाहुण्यांना काय दाखवायचं? पण थांबवायचं कोणाला? पाळी सगळ्यांचीच होती. आणि शेवटच्या मुलीपर्यंत पाणी आपलं आपण पुन्हा निवळलं. होतं तसं झालं म्हणून त्यांनी हुश्श केलं आणि पेला झाकून ठेवला.

इंदूबाई क्षणभर पेल्याकडे पाहत राहिल्या. होतं तसं झालं नव्हतं. चुना पाण्यातच होता, वायूही होता. फार फुंकल्यानं दोघं मिळून पाण्यात विरघळले होते. ही पायरी पुढच्या इयत्तेची. ती त्यांनी मुलींना कधी सांगितलीच नव्हती.

पंत दारापर्यंत गेले होते. इंदूबाई कधी आवाज चढवत नसत; आताही त्यांनी तो चढवला नाही. “आपण बसावं,” त्या म्हणाल्या. “पाणी तापेपर्यंत.”

कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. तापवल्यावर चुना पुन्हा दिसायला हवा, हे त्यांनी वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं. दिव्यासाठीचं स्पिरिट तर लढाई सुरू झाल्यापासून दिसलंच नव्हतं. त्यांनी पुंजारामची चहाची शेगडी मागवली, पेल्यातलं थोडं पाणी परीक्षानळीत ओतलं आणि चिमट्यानं ती निखाऱ्यांवर धरली. नाम घ्यावं तर तेही आठवेना. नळीच्या तळाशी बारीक बुडबुडे जमले, सुटले, पुन्हा जमले. पाणी स्वच्छच. पंत दारातच उभे होते.

“आलं,” बनू अगदी हळू म्हणाली.

पाणी धूसर झालं, मग ताकाच्या निवळीसारखं, मग चांगलंच पांढुरकं. पंतांनी चष्मा लावला आणि ते शेगडीपाशी येऊन वाकले. मग त्यांनी छबूलाच विचारलं, “आमच्या बंबात आतून पांढरे थर धरतात, ते हेच का गं?”

“ठावं न्हाई,” छबू म्हणाली. “खरवडून आना की, बघू.”

शामकांतरावांनी डोळे मिटून घेतले. पंत मात्र हसले, या खेपेला निराळं. जाताना व्हरांड्यात त्यांनी शामकांतरावांना सांगितलं की मशीन एवढ्यात मागवू नका. एक साल चालू दे, परीक्षेचे निकाल पाहू, मग बोलू. इंदूबाईंना ते आतून ऐकू आलं. एक साल. त्यांनी नळी खाली ठेवली, तेव्हा चिमटा बोटांतून सुटेना.

मुली जागच्या हलल्या नव्हत्या. “बाई,” बनूनं भीत भीत विचारलं, “आता तयारी करून यायचं की नाही?”

“यायचं,” इंदूबाई म्हणाल्या. “पण काय केलं ते आधी मला सांगायचं.”

मग नेमाप्रमाणे उद्याचा पाठ सांगायला त्या फळ्याकडे वळल्या, आणि खडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. उद्याचा पाठ कोणता, हे काही केल्या त्यांना आठवेना.