काचेबाहेरचा बॉम्ब

मित्रांनो, मी एक जुना बॉम्ब आहे. विमानांचे पंख लाकडाचे आणि कापडाचे असत, त्या काळातला. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा स्वतःच्या सद्गुणांपासून सुरुवात करतात. माझ्याकडे तशी मोठी यादी नाही. मी हेवेखोर आहे, आणि ते आधीच कबूल केलेलं बरं.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी लांबट दुधीसारखा दिसत होतो. मागे पत्र्याचे चार पंख बसवले, मग शेजारच्या शेडमध्ये बायकांनी माझ्या पोटात दारू भरली. त्या दारूने त्यांचे हात पिवळेजर्द होत आणि कितीही साबण लावला तरी तो रंग जात नसे. त्यांच्यातल्या एकीने, भरलेल्याची खूण म्हणून, माझ्या अंगावर लाल पट्टा ओढला, मान तिरकी करून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली की हा अगदी नीट जमलाय. ते कौतुक मी पुढे फार वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

विमानतळावर मला एकदाच विमानाखाली टांगलं. त्या दिवशी धुकं पडलं आणि वैमानिकाने मला तसंच परत आणलं. माझ्या बरोबरीचे पडले, आणि वैमानिक जेवताना त्यांच्या गोष्टी सांगत. मी कोपऱ्यात जळत बसे. ते कुणाच्या घरावर पडले असतील, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. आता शिवतो.

युद्ध संपलं. माझ्या नाकातली स्फोटाची कळ काढून भोकात बूच बसवलं. पोट मात्र कुणी रिकामं केलं नाही. कोठारात कितीतरी वर्षं गेली, आणि एक दिवस मला माझ्यासारख्याच तिघांबरोबर गाडीत घालून एका लहानशा संग्रहालयात आणलं. तिथल्या कारकुनाला जेवायची घाई होती. त्याने पहिल्याला काट्यावर ठेवलं, वजन पाहिलं, आणि वहीत लिहिलं, ‘रिकामे, नग चार.’ मी चौथा होतो. माझी पाळी आलीच नाही.

आम्हा चौघांना चार दारांशी टेकू म्हणून आडवं ठेवलं. माझ्या वाट्याला तिकीटखोलीचं दार आलं. आणि समोरच, दालनाच्या मधोमध, काचेच्या कपाटात तो होता.

त्याचं वर्णन करताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्या दुप्पट लांब, खाली मखमल, वर दिवा. पाटी होती, ‘शत्रूच्या विमानातून पडलेला अस्सल बॉम्ब’. शाळेची मुलं रांगेने येत, काचेला नाक लावत, आणि जाताना माझ्यावर पाय देऊन बुटाची नाडी बांधत. त्याला पाटी, मला पाय. आम्ही दोघं एकाच जातीचे, मग हा भेदभाव कशासाठी? एकदा वादळी वाऱ्यात दार थडथडत होतं, तेव्हा मी मनापासून म्हटलं होतं की मी गडगडत जावं, कपाटावर आदळावं आणि त्याची काच फोडावी. हे वाक्य ध्यानात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

तिकीटखोलीत मावशी बसायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे असलेले व्यवस्थापकसाहेबसुद्धा. त्यांचा उजवा पाय दुखायचा, म्हणून तो दिवसभर माझ्यावर ठेवलेला असे. चपलेचा खिळा वर आला की मला ऐरण करून त्या दगडाने तो ठोकत. वर बोलत राहत, सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, सुट्ट्या पैशांबद्दल. मला वाटायचं, काय हे नशीब. समोरचा भाव खातोय आणि मी चपला दुरुस्त करतोय.

साहेबांना स्वच्छतेची भारी हौस. दरवर्षी वर्धापनदिनाच्या आधी ते दालनातलं सगळं लोखंड चंदेरी रंगाने रंगवून घेत. तोफ चंदेरी, शिरस्त्राणं चंदेरी, काचेतला चंदेरी, आम्ही चौघेही चंदेरी. अंगावरचे पट्टे आणि ठोकलेले आकडे त्याखाली कधीच बुजून गेले. मला उचलताना रंगारी एकदा कुरकुरला की हा बाकीच्यांपेक्षा फार जड आहे. साहेबांनी समजावलं की दाराशी असल्यामुळे याला रंगाचे थर जास्त बसलेत. रंगाऱ्याला ते पटलं.

मग संग्रहालयाची पुस्तिका छापायची ठरली आणि काचेतल्याची नीट ओळख पटवायला मापवाल्या बाई आल्या. गळ्यात मोजपट्टी अडकवलेली, केस पांढरे, आवाज हळू. जुने बॉम्ब ओळखण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांची रीत अशी, की आधी हात पाठीमागे बांधून नुसतं पाहायचं, आणि तीन खुणा जुळल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

दोन तास त्या त्याच्यापाशी होत्या. दोन तास! त्याचे पंख मोजले, घेर घेतला, टांगायच्या कडीवर भिंग धरलं. मी दाराशी पडून ‘मलाही बघा, मलाही बघा’ असं मनात घोकत होतो. शेवटी त्यांनी कापसाच्या बोळ्याने रंगाचा एक कोपरा पुसला. खाली निळा पट्टा निघाला.

हा सरावाचा आहे, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. आत वाळू, शिकाऊ वैमानिकांनी मैदानात टाकायचा. साहेबांचा चेहरा उतरला. आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं मखमलीवर लोळत होता, आणि पोटात वाळू!

साहेब पाटी काढायला माणूस शोधू लागले. बाई निरोप घेऊन निघाल्या आणि तिकीटखोलीच्या दाराशी थबकल्या. बाहेर चांगलाच वारा होता. त्यांनी मागे वळून बाकीच्या तीन दारांकडे पाहिलं.

“मावशी, तिकडे प्रत्येकापाशी एक वीट लावलीय. इथे नाही?”

“ह्याला नाही लागत वीट,” मावशी म्हणाल्या. “ते तिघे वाऱ्याने सरकतात. हा एकटा दार धरतो. गुणी आहे माझा.”

या दाराशी पंचवीस वर्षं काढल्यावर पहिल्यांदा मला कुणीतरी गुणी म्हटलं, आणि ते ऐकून बाईंचा रंग उडाला. त्यांनी हात पाठीमागे बांधले. माझे चारही पंख निरखले, ती एक खूण. नाकातलं बूच पाहिलं, ती दुसरी. मग गुडघ्यांवर बसून, फुंकर घातल्यासारख्या हळुवार हाताने, त्यांनी माझ्या अंगावरचा रंग पुसला. लाल पट्टा वर आला. त्या शेडमधल्या बाईने ओढलेला, जसाच्या तसा.

“मावशी,” बाई म्हणाल्या, “पाय हळूच बाजूला घ्या. आणि काही न उचलता बाहेर चला.”

“का हो?”

“हा भरलेला आहे.”

मावशी उठल्या. एक चप्पल माझ्यापाशीच राहिली.

पुढे मला हवं होतं ते सगळं मिळालं. रस्ता बंद झाला. शेजारची घरं रिकामी केली. लष्कराची गाडी आली. सगळ्या गावाच्या नजरा माझ्यावर होत्या, पण दुरून, दोरीच्या पलीकडून. जवळ कुणीच नव्हतं. दोरीपाशी मावशी एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या आणि रडत सगळ्यांना सांगत होत्या की मी ह्याच्यावर खिळे ठोकले हो, रोज ठोकले. तेव्हा मला ते वादळ आठवलं. माझं म्हणणं खरं झालं असतं तर काच फुटली असती, आणि मावशीही राहिल्या नसत्या, नाडी बांधणारं पोरही राहिलं नसतं. माझं लोखंड मुळातच थंड, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा थंडी वाजली.

आता मी गावाबाहेरच्या माळावर, वाळूच्या पोत्यांच्या मधे पडलो आहे. दुपारी मला इथेच फोडणार आहेत. बाईंनी त्या तिघांचंही एकेकाचं वजन केलं. ते रिकामेच निघाले. काचेतला आपल्या जागी आहे, फक्त पाटी बदलली, ‘सरावाचा बॉम्ब’. मुलं त्याला बघत राहतील. खुशाल बघू देत.

मित्रांनो, जमिनीत, अडगळीत, कुठेही अनोळखी लोखंड दिसलं तर हात पाठीमागे बांधा आणि मोठ्या माणसांना बोलवा. आणि एकाला तोलून चौघांचं लिहू नका, वस्तूंचंही नाही आणि माणसांचंही नाही. चौथ्याच्या पोटात काय आहे, हे त्याला उचलून घेतल्याशिवाय कळत नाही.

पोती रचणारे दोन जवान मघाशी बोलत होते. तिकीटखोलीच्या दाराला आता दोन विटा लावल्यात म्हणे, आणि मावशी त्यांतल्या एकीवर पाय ठेवून बसतात. स्वभावाला औषध नाही. मला त्या विटेचा हेवा वाटतो.