आधी आमचा आवाज ऐका

दिवाळीला आठ दिवस होते, भातकापणी अर्ध्यावर आली होती, आणि बुधवारी दुपारी डहाणूच्या ऑफिसातला इंटरनेटचा डबा बंद पडला.

ऑफिस म्हणजे एका संस्थेच्या दोन खोल्या. दारात एक गाडी, गाडीवर हाल्या ड्रायव्हर आणि आत टेबलावर एक फोन. गंजाडच्या पलीकडल्या बावीस पाड्यांतून कुणीही तो नंबर लावला की हाल्या निघायचा आणि आजारी माणसाला दवाखान्यात आणायचा. फोन तारेवरचा नव्हता, इंटरनेटवर चालायचा. तो उचलायचं काम पाच वर्षं चंद्रिका करत होती.

तलासरीहून संस्थेच्या फोन-इंटरनेटचं काम बघणारा दीपेश मोटरसायकलवर नवा राउटर घेऊन आला.

"जुन्याला काय झालं एकाएकी?" चंद्रिकाने विचारलं.

"मेला. आता काय तेरावं घालू त्याचं?"

"घाल. गोडाचं जेवण तरी मिळेल," हाल्या दारातून म्हणाला.

अर्ध्या तासात हिरवे दिवे लागले. चंद्रिकाने ऑफिसच्या फोनवरून दीपेशच्या मोबाइलवर फोन लावला. आवाज स्वच्छ होता.

"आता उलटं बघू. मिस्ड कॉल मारतो," दीपेश म्हणाला.

फोन दोनदा वाजला. दीपेशने कापला.

"वाजला?"

"वाजला."

"झालं तर मग."

दोन रिंग द्यायच्या आणि कापायचं, ही त्या भागातली प्रत्येकाच्या बोटाला लागलेली सवय होती. नंबर बरोबर आहे का, माणूस पोचला का, दुकान उघडलं का, सगळं मिस्ड कॉलवर चाले. फोन उचलून बोलून बघावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

बोलण्याची शिस्त मात्र चंद्रिकानेच लावलेली होती. पूर्वी फोन लागताच संस्थेचं रेकॉर्ड केलेलं स्वागत वाजायचं आणि बायका त्यावरच बोलत सुटायच्या. पाड्याचं नाव नेमकं त्यात बुडायचं. एकदा हाल्या भलत्याच पाड्यावर जाऊन आला. तेव्हापासून चंद्रिका पाड्यापाड्यावर बैठका घेऊन सांगायची, "फोन लागला की गप्प राहायचं. आधी आमचा आवाज ऐका, मग बोला." ती त्यांच्याकडून तालीमही करून घ्यायची. एका पाड्यावर बुधीबाईने फोन कानाला लावून दुसरा हात तोंडावर दाबून धरला होता आणि सगळ्या बाया हसल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चंद्रिकाने तिच्या फोनमध्ये ऑफिसचा नंबर दोनच्या बटणावर बसवून दिला. ते दाबून धरलं की फोन लागायचा. पुढे स्वागताचं रेकॉर्डिंग काढून टाकलं, पण गप्प राहायचा नियम तसाच राहिला.

या बटणाचा एक त्रास होता. फोन कनवटीला खोचलेला असला की दोनचं बटण आपोआप दाबलं जायचं आणि चंद्रिकाला नुसती बांगड्यांची किणकिण, नाहीतर कोंबड्या ऐकू यायच्या. लाइन एकच. म्हणून तिने एक नियम केला होता. एकाच नंबरावरून तीन रिकामे फोन आले की तो नंबर तासभर बंद करून ठेवायचा.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. बुधीबाईचा.

"नमस्कार, बोला," चंद्रिका म्हणाली.

उत्तर नाही. कोंबडा आरवला. कुणीतरी जवळून श्वास घेत होतं.

"बुधीबाई, कनवटीचा फोन काढा हो."

अर्ध्या मिनिटात फोन कापला गेला आणि लगेच पुन्हा वाजला. पुन्हा श्वास, पुन्हा कोंबडा. मागे कुठेतरी बारीक, लांबट आवाज येत होता, बांधलेल्या शेळीसारखा. चंद्रिका 'बोला, बोला' म्हणत राहिली. तोही कापला गेला तेव्हा तिने उलट फोन लावून पाहिला. पलीकडची लाइन व्यस्त होती. तिसरा फोन आला, तोही तसाच.

"म्हातारी कापणीला वाकलीय," ती हाल्याला म्हणाली. "आता दिवसभर मला भात ऐकवणार."

तिने नंबर बंद केला. वेळ, आठ वाजून अठरा मिनिटं. तिने वहीत लिहिलं, 'रिकामा, तीन वेळा.'

नऊ वाजता चिखल्याच्या संगीताताईंचा फोन आला. त्या गावातल्या आरोग्यसेविका. त्यांचा आवाज खणखणीत येत होता, "हॅलो? हॅलो? अगं, बोल की!" चंद्रिका ओरडून बोलली तरी त्या 'हॅलो'च म्हणत राहिल्या. शेवटी त्यांनी तिच्या मोबाइलवर फोन केला. "ऑफिसचा फोन मुका झालाय का गं? उचलतेस, पण बोलत नाहीस!"

चंद्रिकाने वहीकडे पाहिलं. मग बुधीबाईला फोन लावला. आता लाइन मोकळी होती. फोन तिच्या मुलाने, नविनने उचलला. मागे टेम्पोचं इंजिन घरघरत होतं.

"नविन, गाडी पाठवू का? काय झालंय?"

"भिकीला नाग चावला. सकाळी, शेतात. आता नको गाडी, ताई. आम्ही तिला घेऊन परत चाललोय."

भिकी त्याची बायको, बुधीबाईची सून.

दीपेश अकराला आला. राउटरच्या आत शिरून त्याने शोधलं. "हे बघ. एसआयपी एएलजी म्हणून एक सेटिंग असते, इंटरनेटच्या फोनला मदत करायला. नव्या डब्यात चालूच येते. मदत करायला जाते आणि पत्ता बिघडवते. आपण केलेला फोन नीट जातो. आलेल्या फोनला मात्र त्यांचा आवाज इकडे येतो, आपला भलत्याच दारात जाऊन पडतो." त्याने ती बंद केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला आणि या वेळी चंद्रिकाला उचलायला लावलं. आवाज आला.

तो बराच वेळ हेल्मेट हातात फिरवत बसला. "नेटवर्क नव्हतं असं लिही," तो हळूच म्हणाला. "डोंगरात नसतंच. कोण विचारणार आहे?"

खरंच कुणी विचारलं नाही. पाड्यावर कारण आधीच ठरलं होतं. शनिवारी हाल्या सांगत आला, "म्हातारी बहिरी झालीय म्हणतात सगळे. फोन लागला, पण तिला काही ऐकूच आलं नाही. नविन तर तिच्या हातचं जेवत नाही. तू का नाही मेलीस, तूच मारलीस तिला, असं तोंडावर म्हणतो."

सोमवारी चंद्रिका हाल्याच्या गाडीतून पाड्यावर गेली. नविन अंगणात कोयत्याने काठ्या तासत होता. बुधीबाई ओट्यावर बसली होती. चंद्रिकाला बघून तिने कानावर हात ठेवला.

"मोठ्यानं बोल, बाय. माजे कान गेले."

"गेले नाहीत, बुधीबाई." चंद्रिकाने आवाज चढवला नाही. "आमचा फोन बिघडला होता. माझा आवाज तुमच्यापर्यंत येतच नव्हता."

बुधीबाईने सगळं ऐकलं. एक शब्दही पुन्हा विचारला नाही.

"मी तं गप बसली," ती म्हणाली. "तू सांगलेलं ना, आधी आमचा आवाज ऐका. मी तोंडावर हात धरून बसली. पोरगी जवळ पडलेली, तरी नाय बोलली. मंग फोन लागायचाच बंद झाला."

"तो मी बंद केला. वाटलं, कनवटीला दाबला गेलाय."

कोयता थांबला.

"मंग तुला इकडचं ऐकू येत होतं?" बुधीबाईने विचारलं.

"हो."

"काय ऐकलंस?"

"कोंबडा. तुमचा श्वास." चंद्रिकाने पुढचं नाही सांगितलं तरी चाललं असतं. "आणि कुणीतरी कण्हत होतं. मला शेळी वाटली."

बुधीबाई मान वळवून मुलाला म्हणाली, "ऐकलास? मी बहिरी नाय."

नविनने कोयता जमिनीवर ठेवला. तो उठला आणि घरामागे निघून गेला.

बुधीबाईने कनवटीचा फोन काढला आणि चंद्रिकासमोर धरला. "यातून तुजा नंबर काढ."

"आता दुरुस्त झालाय, बुधीबाई. गरज लागली तर..."

"काढ, बाय."

चंद्रिकाने नंबर पुसला. पुसला गेला की नाही हे पाहायला तिने दोनचं बटण दाबून धरलं, फोन कानाला लावला आणि वाट पाहिली. काहीच वाजलं नाही. तिने फोन परत दिला.