फळा असलेला देश

सन २०१९, नोव्हेंबर महिन्याचा दुसरा शनिवार; स्थळ, लुझॉन बेटाच्या डोंगरातील बागिओ शहर, कोरियन विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका निवासी शाळेची शिक्षकखोली. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, कॉफी आणि पांदेसालचा पाव समोर ठेवून, नेरिसा डुलनुआन या आमच्या सहकारिणीने परदेशी शिकवायला जाण्यासाठी देश निवडला. मी तेथील मुख्य शिक्षक. निवडीच्या वेळी हजर होतो आणि पुढे जे झाले त्या वेळीही.

आमच्या शाळेत वर्ग नाहीत. प्लायवूडच्या खोक्यांच्या रांगा आहेत. एका खोक्यात एक शिक्षक, एक विद्यार्थी, मध्ये हातभर टेबल. नेरिसा अशा खोक्यात अकरा वर्षे बसली होती. तिची पदवी साहित्याची. सरकारी शाळेत लागणारा परवाना तिच्यापाशी नव्हता. त्यामुळे आपल्या देशात तिला जे कधी मिळणार नव्हते ते मिळवण्यासाठी ती बाहेर निघाली होती: एक फळा, आणि त्याच्यासमोर बसलेली मुले.

"कोरियाला का नाही जात, मानांग?" जोमार म्हणाला. हा आमच्यातला सगळ्यांत धाकटा शिक्षक. थोरल्या बहिणीला म्हणावे तसे तो नेरिसाला मानांग म्हणे. "निम्मा कोरिया तुझाच विद्यार्थी आहे."

"मोजक्याच देशांच्या पासपोर्टवर शिकवायला घेतात तिथं. आपला त्यात नाही."

"बरोबर आहे. आपलं इंग्रजी चालतं, पासपोर्ट चालत नाही. म्हणून तर बिचारे विमानानं येतात, शिकतात, आणि शिकवणारीला इथंच ठेवून जातात."

"जपान?" मी विचारले.

"तिथं फळा जपानी शिक्षकाचा, सर. आपण बाजूला उभं राहून शब्द म्हणून दाखवायचे. टेपरेकॉर्डरसारखं."

"मग थायलंड."

"जाहिरातीत आधी फोटो मागतात. मी पाठवला होता. पुन्हा फोन नाही आला."

"फोटो मला दाखवायचास ना," जोमार म्हणाला. "थोडी पावडर मारून दिली असती."

सगळे हसले, नेरिसाही हसली. मला मात्र त्या हसण्याचा राग आला. जो अपमान रोजचा होतो त्याचे माणसे विनोद करतात, आणि विनोद केल्याने अपमान करणाऱ्याचे काम फारच सोपे होते.

राहिला व्हिएतनाम. हायफाँग शहरातील एका खासगी शिकवणी-केंद्राने जाहिरातीत वर्गाचे छायाचित्रच दिले होते: छोट्या खुर्च्या आणि भिंतभर पांढरा फळा. नेरिसाने ते छायाचित्र आम्हांला दोनदा दाखवले. तिने नमुन्याचा पाठ चित्रित करून पाठवला, तो त्यांना पसंत पडला, आणि जोमारने निरोपाच्या जेवणाला पान्सितच्या शेवया किती किलो लागतील याची चर्चाही सुरू केली.

पुढच्या आठवड्यात नोकऱ्या लावून देणाऱ्या ओबाल्डो बाईंनी करारासाठी तिला कचेरीत बोलावले. शिफारस करणारा म्हणून मलाही बोलावणे होते. टेबलावर संगणक उघडा होता आणि पडद्यावर केंद्राच्या संचालिका, मिसेस तुयेत, हसतमुखाने बसल्या होत्या.

"टीचर नेरिसा, तुमचा पाठ फार सुंदर. आम्ही तुम्हांला सहायक शिक्षिका म्हणून घेतो आहोत."

"सहायक?" नेरिसा म्हणाली. "जाहिरातीत शिक्षिका लिहिलं होतं."

"मुख्य शिक्षक परदेशी असतो."

"नेरिसाही परदेशीच आहे," मी म्हणालो. "तुमच्या देशात तिला व्हिसा लागतो."

मिसेस तुयेत हसल्या. "सर, तुम्हांला कळतंय मला काय म्हणायचंय ते. पालकांना जन्मानं इंग्रजी बोलणारा माणूस हवा असतो. आणि आमचा मुख्य शिक्षक तुमच्या ओळखीचाच आहे."

पडद्यावर दुसरा चेहरा आला, आणि आनंदाने जवळजवळ ओरडला, "टीचर नेरिसा!"

तो स्तोयान होता. बल्गेरियाचा, चोवीस वर्षांचा, उंच, पिंगट केसांचा, स्वभावाने गोड. आदल्याच वर्षी तो आमच्या शाळेत, सगळ्या कोरियनांमध्ये एकटाच, आला तेव्हा त्याला इंग्रजीत जेवणही मागता येत नव्हते. चार महिने तो रोज नेरिसाच्या खोक्यात बसला, आणि समारोपाच्या दिवशी त्याने जे भाषण केले त्यातील वाक्य अन् वाक्य तिने त्याच्याकडून घोटून घेतले होते.

"मीच तुमचं नाव सुचवलं!" तो म्हणाला. "माझा नमुन्याचा पाठ मी अगदी तुमच्यासारखाच घेतला. आधी प्रश्न, मग गप्प राहायचं, मुलांना थोडं घाबरू द्यायचं, मग हसायचं. त्यांना फार आवडला. आता तुम्ही पाठ तयार करा, मी उभा राहतो. किती मजा येईल!"

त्याच्या बोलण्यात तिळभर कपट नव्हते. म्हणूनच माझा संताप अनावर झाला. कपटी माणसाशी भांडता येते. पण दुसऱ्याची वस्तू अंगावर घालून त्याच्याचसमोर आनंदाने मिरवणाऱ्या निष्पाप माणसाशी काय भांडायचे?

"बाई," मी संचालिकांना म्हणालो, "या मुलाची मातृभाषा बल्गेरियन आहे. इंग्रजी त्याला या बाईंनी शिकवलं. म्हणजे तुम्ही जे विकत आहात ते यांचं आहे, आणि ज्याच्या नावावर विकत आहात त्याचं ते नाही. तुम्हांला जन्मानं इंग्रजी बोलणारा हवा असेल तर हा तो नव्हे. चांगलं शिकवणारा हवा असेल तर ती समोर बसली आहे. मग हा तिथं नेमका कोणत्या गुणावर उभा आहे?"

"दिसतो तसा, सर," मिसेस तुयेत शांतपणे म्हणाल्या. "नियम मी केलेला नाही. मी स्वतः वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गालाही मुलं मिळायची नाहीत. आता फलकावर त्याचा फोटो आहे तर वर्ग भरलेत."

स्वतःवर झालेला अन्याय त्यांनी जपून ठेवला होता, आणि आता त्या तोच दुसरीला नोकरी म्हणून देऊ करत होत्या.

"सर, मोडता घालू नका," ओबाल्डो बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "आधी जाऊ तर द्या तिला. पुढचं पुढं."

"जाऊन ती करणार काय? याची वाक्यं दुरुस्त?"

"सर," नेरिसा म्हणाली, "तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा. जायचं मला आहे." मग ती पडद्याकडे वळली. "वर्गात मी कुठं असेन?"

"मागच्या बाजूला. मुलांना शांत ठेवायला."

"आठवड्यातला एक तास फळ्यासमोर द्या. एकच. बाकीचे सगळे तास मी मागं बसेन."

"वर्गात कॅमेरा आहे, टीचर. पालक घरून बघतात."

"स्तोयान," नेरिसा म्हणाली, "तुला इंग्रजी कुणी शिकवलं, हे तू त्या पालकांना सांगशील?"

त्याचा चेहरा लाल झाला. तो चांगला मुलगा होता. त्याला खोटे बोलता येत नव्हते. "मला काढून टाकतील, टीचर," तो म्हणाला.

"खरं आहे," ती म्हणाली. "सांगू नकोस." आणि तिने करार, सही न करता, टेबलावरून ओबाल्डो बाईंकडे सरकवला.

पडदा बंद झाला. ओबाल्डो बाईंनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले, मग हातातल्या कागदांकडे. त्या चिडल्या होत्या, पण आवाज चढला नाही.

"दुसरीकडे बघाल?" मी विचारले.

"कुठं बघू, सर? पासपोर्ट बदलता येत नाही, चेहरा बदलता येत नाही, आणि मागं बसायला या तयार नाहीत." त्यांनी नेरिसाची फाइल मिटली आणि तिच्या हाती दिली. "तुमच्यासाठी माझ्याकडे देश नाही, टीचर."