पलीकडचा आवाज

मार्चमध्ये मधुबाज पक्षी परत फिरतात. सुमात्रा-जावाच्या रानांत मधमाश्यांची पोळी फोडून खाऊन झाली की ते पलीकडच्या किनाऱ्यावर जमतात, ऊन तापलं की गरगरत वर चढतात आणि मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून आमच्या बाजूला येतात. पोचेपर्यंत दमून गेलेले असतात, पाण्यालगत उडतात. आणि नेमका तिथंच, किनाऱ्याला खेटून, आमचा छोटा विमानतळ आहे.

धावपट्टीपासून पक्षी लांब ठेवणं हे माझं काम. पलीकडच्या विमानतळावर तेच काम मारोलोप करायचा. बँकॉकच्या एका शिबिरात आमची ओळख झाली. दोन्ही सरकारांनी मिळून काही करावं म्हणून आम्ही अर्ज केले, ते कुठल्या तरी टेबलावर पडून राहिले. मग आम्हीच ठरवलं. मार्चमध्ये त्यानं मला फोन करायचा, ऑक्टोबरमध्ये पक्षी उलटे निघाले की मी त्याला.

"ताई, पाहुणे निघाले! चहा टाका!" तो ओरडायचा. मी हसत टॉवरला कळवायची आणि थवा उतरेपर्यंत विमानं थांबायची. पक्षीही वाचायचे, माणसंही. पुढं थायलंड, फिलिपिन्सचे लोक आमची पद्धत बघायला आले. मारोलोप माझ्या घरी राहायचा, आईच्या हातचं आंबट-तिखट मासळीचं कालवण ओरपायचा. त्याची जमात बटाक, सुमात्राकडची. आई म्हणायची, "हा बटाक माझ्या पोटी यायचा तो चुकून समुद्रापार गेला."

मग एका मार्चच्या सकाळी धुरकं पडलं होतं. समोरचं पाणीसुद्धा नीट दिसत नव्हतं. त्याचा फोन आला नाही म्हणून मीच केला.

"ढगाळ आहे ताई," तो म्हणाला. "आज कुणी हलत नाही. आराम करा."

"नक्की ना? आवाज का असा येतोय तुझा?"

"सर्दी झालीय. ठेवतो."

मी टॉवरला सांगितलं, आकाश मोकळं आहे. बेटांवर जाणारं बारा आसनी विमान उडालं आणि समुद्रावर पोचतं न पोचतं तोच एक मधुबाज काच फोडून आत आला. सहवैमानिक इझातुलच्या चेहऱ्यावरच आदळला. कप्तानानं विमान कसंबसं परत उतरवलं. प्रवासी वाचले. इझातुलचा डावा डोळा गेला. रुग्णवाहिकेत तिचा हात माझ्या हातात होता आणि ती विचारत होती, "माक चिक, पक्षी मेला का हो?" 'माक चिक' म्हणजे मावशी. विमानतळावरची सगळी पोरं मला तसंच म्हणतात.

चौकशीत मारोलोपचं म्हणणं वाचून दाखवलं गेलं. "पक्षी उठल्याचं मी ताईंना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असावी."

मला वाटलं, भाषांतर करणाऱ्यानंच घोळ घातलाय. पुन्हा वाचायला लावलं. तेच शब्द आले.

आमचे हमदान साहेब मला दुसऱ्या खोलीत घेऊन गेले. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेलं. "रोहायू, वय होतं माणसाचं. कान दगा देतात. माफी माग, मिटवून टाकू."

"साहेब, माझे कान शाबूत आहेत. तुमचाच विश्वास नाही माझ्यावर?"

दुसऱ्या दिवसापासून मला हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं. मी मारोलोपला फोन करत राहिले. त्यानं उचलला नाही.

पावसाळ्यानंतर जकार्तात, पक्षी आणि विमानांच्या प्रश्नावर, आसपासच्या सगळ्या देशांची बैठक भरली. बैठकीच्या अध्यक्षा, थायलंडच्या डॉक्टर रत्तिकॉर्न यांनी हट्टानं मला बोलावलं. जेवणाच्या वेळी पलीकडच्या विमानतळाचा एक वैमानिक ताट घेऊन माझ्याशेजारी बसला. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं.

"मार्चमधल्या त्या अपघाताबद्दल बोलतायत ना सगळे?" तो सहज म्हणाला. "त्याच सकाळी आमच्या विमानालाही पक्षी धडकला. चाकापाशी. मोठी विमानं उतरवायला परवानगी हवी होती ना, त्याचे तपासनीस त्याच दिवशी आलेले. मारोलोपनं स्वतः पिसं पुसून काढली, आम्हाला म्हणाला, तोंड उघडू नका."

मी ताट तसंच ठेवलं आणि मारोलोपला शोधायला उठले.

तो बाहेर व्हरांड्यात एकटाच सिगारेट ओढत होता. मला बघून उभा राहिला.

"तुझ्या डोळ्यांदेखत उठले होते पक्षी," मी म्हणाले.

त्यानं सिगारेट विझवली. मग म्हणाला, "तपासनीस शेजारच्याच खुर्चीत होते, ताई. पक्षी उठलेत म्हटलं असतं तर आमची धावपट्टी बंद का नाही, असं त्यांनी विचारलं असतं. आमच्या साहेबांनी आधीच दम भरला होता."

"अरे, मग सर्दीच्या निमित्तानं बाहेर जायचं होतंस! संडासात जाऊन फोन करायचा होतास!"

"वाटलं, तुमच्याकडे पोचेपर्यंत वर उंच राहतील."

"खोटं. ते खाली येतात हे तूच मला शिकवलंस. आणि नंतर? चौकशीत माझ्यावर ढकललंस ते? तेव्हा कोण बसलं होतं शेजारी?"

त्यानं मान खाली घातली. "माझं घर चालतं या नोकरीवर."

"त्या पोरीचंही चालत होतं," मी म्हणाले आणि आत गेले.

दुपारच्या सत्रात मी उठून सगळं सांगितलं. तो वैमानिक पांढराफटक पडला, पण नाही म्हणाला नाही. कुणाला शिक्षा करायला ही बैठक नाही, असं डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं आणि मग मारोलोपकडे वळल्या. तो उभा राहिला. "ताई बोलतात ते खरं आहे," एवढंच म्हणाला.

त्याच्या साहेबांना काही झालं नाही. त्याला मालवाहतुकीच्या गोदामात टाकलं. मला धावपट्टी परत मिळाली. हमदान साहेबांनी कॉफी मागवली, मी प्याले नाही. दोन्ही विमानतळांच्या टॉवरमध्ये थेट फोनची तार जोडली गेली. इतकी वर्षं कागदावर अडलेलं काम इझातुलच्या डोळ्याच्या बदल्यात झालं. ती आता प्रशिक्षण केंद्रात शिकवते. मारोलोपचं नाव निघालं की ती विषय बदलते, माझ्यासाठी.

यंदाच्या मार्चमध्ये धुरकं नव्हतं. धावपट्टीच्या टोकाला उभी असताना फोनवर त्याचा संदेश आला. गोदामाच्या छपरावरून दिसले म्हणे, मोठा थवा, वारा मागून, आज लवकर पोचतील.

मी तो वाचला आणि टॉवरला फोन लावला. "पलीकडे विचारा, पक्षी उठलेत का."

पलीकडून कुणा अनोळखी मुलीनं सांगितलं, हो, आत्ताच उठले.

तेव्हा कुठं मी विमानं थांबवायला सांगितली.