खाण गेल्यावर

घंटा वाजली. खालून इशारा आला होता: माणसं आहेत. बोनिफास कासोंदेने ब्रेकचा दांडा सोडला, तशी मनगटाएवढी जाड पोलादी दोरी मोठ्या ढोलावर गुंडाळत वर येऊ लागली. आज पिंजरे भराभर वर येत होते. पाळी संपायला अजून बराच अवकाश होता, तरी माणसं वर येत होती.

दार ढकलून गाओलाथे आत आला. तो खालच्या पट्टीवरचा मुकादम, कासोंदेला इथल्या रीतीप्रमाणे आदराने 'रा' म्हणायचा. डोक्यावरचा दिवा अजून पेटलेलाच होता.

"रा कासोंदे, ऐकलंत का? बंद! खाण बंद केली सरकारनं. मोठे साहेब आलेत, हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलंय."

"खाली कोण राहिलंय?"

"अहो, खाण बंद झाली म्हणतोय मी!"

"ते ऐकलं. खाली कोण राहिलंय ते सांग."

गाओलाथेने हात झटकले. "दहा-बारा जण असतील. पंपाकडचे."

"मग त्यांना येऊ दे."

कासोंदे त्या इंजिनघरात पंधरा वर्षं बसत होता. खाणीत उतरणं हे त्याचं काम नव्हतं. उतरलेल्यांना वर आणणं हे त्याचं काम. पंपाकडची माणसं वर आली, पिंजरा टेकला, दाराची कडी वाजली. मग त्याने ब्रेक घट्ट केला, हात पुसले आणि खुंटीवरचा कोट अंगात घातला. हॉलकडून ओरडण्याचे आवाज येत होते. एक जण नुसता रडत होता.

गाओलाथे पायरीवर बसला होता. चाळिशीचा दणकट माणूस, पण आज खांदे पडले होते.

"इथं बसून काय होणार?" कासोंदे म्हणाला. "घरी जा. पिंपं भर."

"काय भरू?"

"पाण्याची पिंपं. नळाला पाणी आहे तोवर भरून ठेव. मेणबत्त्या आण, मक्याचं पीठ आण. आणि पोरीचं काही दुखणंखुपणं असेल तर आजच्या आज दवाखान्यात दाखवून घे. उद्या फाटक उघडेल, न उघडेल."

गाओलाथे त्याच्याकडे बघतच राहिला. "दवाखाना कशाला बंद होईल? बंद खाण झालीये."

"खाण गेली की सगळंच जातं, बाबा."

"पण दवाखाना खाणीचा नाहीये. सरकारचा आहे."

"पाटी कुणाचीही असू दे. पैसा जमिनीतूनच येतो ना? तो आटला की पाटी काय करणार?"

गाओलाथे थकल्यासारखा हसला. "तुम्ही घरी जा, रा. जरा पडा. धसका घेतलाय तुम्ही."

धसका नव्हता तो. कासोंदेने हे सगळं एकदा पाहिलं होतं.

चिबोलेले हे त्याचं गाव उत्तरेला, झांबियात, तांब्याच्या पट्ट्यात. तिथे सगळंच खाणीचं होतं. नळ खाणीचा, रस्त्यावरचे दिवे खाणीचे, शाळा खाणीची, बायकांचा शिवणवर्ग आणि फुटबॉलचा संघसुद्धा खाणीचा. त्याचा बाप त्याच इंजिनावर बसायचा. लहानपणी कासोंदेला वाटायचं, जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात, खाणीतली आणि गरीब. तेव्हा दक्षिणेकडच्या या बोट्स्वानात होतं काय? वाळू, काटेरी झुडपं आणि गुरं. तिकडची पोरं शिकायला चिबोलेलेला यायची, तेव्हा त्यांच्या पायांत बूट नसायचे म्हणून वर्गातली पोरं हसायची. कासोंदेही हसला होता.

मग तांब्याचा भाव पडला आणि सरकारने खाण विकली. ज्यांनी घेतली त्यांनी थोडे दिवस चालवली आणि एका सकाळी कुलूप लावून ते निघून गेले. पंप बंद पडले, खाणीत पाणी चढलं. नंतर दिवे गेले. नळ गेले. खाणीच्या इस्पितळातल्या नर्सेस महिनाभर पगाराविना येत राहिल्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या.

त्याची मुलगी मापालो तेव्हा आठ वर्षांची होती. दुपारी शाळेतून आली ती डोकं दुखतं म्हणत. संध्याकाळी तापाने बरळायला लागली. मलेरिया मेंदूत चढला होता. तिला खांद्यावर टाकून तो धावतच इस्पितळाच्या फाटकाशी गेला, तर साखळीला कुलूप. आतला रखवालदार ओळखीचा होता. "बा कासोंदे, आत नुसत्या खाटा आहेत हो," तो म्हणाला. "माणूस नाही, औषध नाही. तुम्हाला आत घेऊन काय करू मी?" सरकारी इस्पितळ शेजारच्या शहरात. खाणीची गाडी विकली गेली होती. कोळशाच्या एका ट्रकवाल्याने त्यांना मागे बसवून घेतलं. पण शहराचे दिवे दिसायच्या आधीच मापालोचा श्वास थांबला.

मयताला आलेल्या म्हाताऱ्यांनी एवढंच म्हटलं, "काय करणार? खाण गेली की सगळंच जातं." त्याच्या बायकोने, बाना मापालोने, म्हणजे मापालोच्या आईने, ते वाक्य उराशी धरलं. कुणाचा दोष नव्हता. दुष्काळात पीक जळतं, खाण गेली की माणसं जातात. त्या एका वाक्याच्या आधाराने ती उठली, कामाला लागली, अंगणात भाजी लावून बाजारात विकायला लागली. कासोंदे बोट्स्वानात कामाला निघाला तेव्हा ती आली नाही. "पोरीला एकटीला टाकून कशी येऊ?" म्हणाली. दर नाताळला तो जायचा. दोघं मिळून कबरीवरचं गवत काढायची.

म्हणून खाण बंद झाली त्या दिवशी कासोंदेने मोठमोठी पिंपं भरून दारात मांडली. दुकानातून मेणबत्त्या आणल्या. रोज संध्याकाळी दिवा लावला की तो मान वर करून बघायचा. आज जाईल. नाही तर उद्या.

शेजारच्या म्मा सेबिनाला ही करमणूकच झाली. सत्तरीची बाई, दिवसभर दारात खुर्ची टाकून बसलेली.

"काय हो रा पिंप! नोहाची नाव तरंगवायचीय का?"

"हसा, म्मा. नळ कोरडा पडला की माझ्याच दारात याल."

"येईन की! पण तोवर त्या पाण्यात डास पोसू नका. मला चावतात रात्रभर."

नळ कोरडा पडला नाही. पिंपातल्या पाण्यावर हिरवी साय धरली आणि शेवटी म्हातारीने स्वतःच येऊन एक पिंप आपल्या पालकाच्या वाफ्यात उपडं केलं. सोमवारी मुलं गणवेश घालून शाळेत गेली. दुपारी तिथे त्यांना जेवण मिळालं. महिना संपला तशी म्मा सेबिना छत्री घेऊन पोस्टात गेली आणि म्हातारपणाचे पैसे घेऊन, वर गोड बिस्किटं घेऊन परतली.

म्हणजे गावाचं बरं चाललं होतं असं नाही. गाओलाथेची गाडी बँकेने ओढून नेली. निम्म्या घरांना कुलपं लागली, माणसं गुराढोरांकडे परतली. मोरुलाच्या झाडाखाली पुरुष सकाळपासून पीत बसू लागले. एकदा कासोंदे तिथून जाताना एक जण ओरडला, "या परदेशी भुरट्यांनीच खाण खाल्ली!" कासोंदे तसाच पुढे गेला. त्याला पुढच्या महिन्यात देश सोडायचाच होता. त्याचा परवाना खाणीच्या नावावर होता.

एकदा त्याने म्मा सेबिनाला विचारलं, "हे चालतंय तरी कशावर, म्मा? खाण तर मेली."

"हिऱ्यांवर. दुसरीकडे निघतात ना." तिने पालकाची जुडी बांधली. "आणि आम्ही गुराखी माणसं, रा. सुकाळात सगळ्या गायी कापून खायच्या नसतात, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. पण तुमचं ते झाड बघितलंत ना, पिणाऱ्यांचं? हिरे संपले की सगळा देश त्या झाडाखाली बसेल. तेव्हा फार कौतुक नको."

असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या चिबोलेलेतही होत्या. हे त्याला आठवलं आणि त्याने पुढे विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी दिवस कलता कलता गाओलाथे धावत आला. हातात त्याची मुलगी होती, ओरातिले. सहा वर्षांची. डोळे अर्धवट मिटलेले, छाती भात्यासारखी चाललेली.

"गाडी नाहीये, रा. बायको गावाला गेलीये. काल नुसता खोकला होता हो..."

"दे इकडे."

कासोंदेने पोरीला खांद्यावर घेतलं. तिच्या अंगाची आग शर्टातून त्याच्या मानेला लागली. साठीला आलेला माणूस, पण तो असा चालला की गाओलाथेला मागून पळावं लागलं. वाटेभर त्याच्या मनात फाटकच होतं. साखळी असेल. रखवालदार काय म्हणेल? कोळशाचा ट्रक इथे कुठे मिळणार? मग वळण आलं.

फाटक उघडं होतं.

उघडं असं नाही, फाटकाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माणसं येत होती, जात होती. आत ओळीने बाकं होती आणि बाकांवर माणसं बसली होती. एक जाडी नर्स चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "आणा इकडे. कधीपासून असा श्वास आहे? काल का नाही आणलंत? इथं काय आम्ही झोपा काढतो का?"

"खाण..." कासोंदेच्या तोंडून निघालं. "खाण बंद झाली ना."

"मग?" नर्सने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

पोरीच्या हाताला सलाईन लागलं, नाकाला नळी लागली. काही वेळाने छातीचा भाता मंदावला. गाओलाथे खाटेशी गुडघ्यावर बसला. ओरातिलेने डोळे उघडून बापाला ओळखलं आणि तहान लागली म्हणाली. नर्सने तिला चमच्याने पाणी पाजलं.

कासोंदे बाहेर आला. भिंतीशी एक नळ होता, बायका तिथे भांडी विसळत होत्या. तो त्यांच्या पलीकडे जाऊन जमिनीवर बसला आणि रडू लागला. मयतालाही तो असा रडला नव्हता.

गाओलाथे त्याला शोधत आला. "रा, अहो, बरी आहे ती! फुप्फुसाला सूज आहे म्हणाले, पण वेळेवर आणलंत. देवाची कृपा."

"हो," कासोंदे म्हणाला.

"मग रडता काय?"

त्याला काय सांगणार? इतकी वर्षं तो समजत होता की खाण गेली की इस्पितळ जाणारच, जसा सूर्य गेला की उजेड जाणार. आज त्याने खाण मेलेली पाहिली आणि त्याच गावात एक नर्स चष्मा कपाळावर चढवून उशीर केला म्हणून रागावताना पाहिली. म्हणजे हे करता येत होतं. तांबं पुष्कळ होतं तेव्हा, सुकाळ होता, कुणीतरी एक गाय राखून ठेवायला हवी होती. ती राखली असती तर मापालो आज पंचविशीची असती.

"धाप लागली," तो गाओलाथेला म्हणाला. "वय झालं."

महिन्याअखेरी तो निघाला. गाओलाथेची बायको ओरातिलेला घेऊन बसपर्यंत आली आणि तिने वाटेसाठी कुटलेलं मटण बांधून दिलं. सीमेवर काझुंगुलाला नदी ओलांडायची होती. तराफ्याच्या पलीकडच्या काठावर तांब्याच्या पत्र्यांनी लादलेल्या ट्रकची रांग दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. रांगेचं शेपूट दिसत नव्हतं. कासोंदे त्यांच्या कडेकडेने उलट दिशेने चालत बसपर्यंत गेला.

चिबोलेलेत पोचला तेव्हा बाना मापालो अंगणात शेंगदाणे कुटत होती. तिने त्याच्या हातातलं सामान घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं. संध्याकाळी तिने शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी केली, मक्याचा गरम गोळा ताटात वाढला आणि समोर बसली. खाणीचं सगळं तिने विचारून घेतलं. कधी कळलं, कोण कोण होतं, माणसं सगळी वर आली ना.

"सगळी आली," तो म्हणाला.

तिने भाजीचा डाव हातात घेतला. मग ताटाकडे बघत म्हणाली, "आणि दवाखाना हो? त्यांचाही बंद झाला असेल."

कासोंदेने गोळ्याचा घास तोडला, बोटांनी वळला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण तिचा हात भाजीच्या डावावर थांबला होता.

"बंद झाला," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी."

तिने मान हलवली. "होणारच," ती हळूच म्हणाली. "खाण गेल्यावर कोण काय करणार?"

आणि तिने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.