राजेश्वरीच्या तळहाताची दुसरी रांग

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे महिन्याभराची! हसू नका, आमच्यात हे म्हातारपणच. विट्याच्या राजेश्वरीच्या तळहातावरच्या कातडीत माझा जन्म झाला. आम्ही शेजारणी एकमेकींना घट्ट धरून असतो. एकीला ओढ बसली की ती मागच्या कितीतरी जणींना जाणवते.

एकदा उसाचा पाला काढताना धारदार पातीने तो तळहात चिरला. माझ्या पुढची शेजारीण थेट जखमेच्या काठावर आली आणि मी तिच्या मागे, दुसऱ्या रांगेत. झालं! ती एकदम पुढारीणच झाली. ऐटीत पाय पसरून भेगेत सरकू लागली. मागून मीही जीव खाऊन जोर लावत होते, पण दिसणार कोण? तीच! माझा नुसता जळफळाट झाला.

तिकडे राजेश्वरीचंही तेच. शाळेच्या रस्सीखेच संघात ती सगळ्यात मागे, अंगाभोवती दोर घेऊन; सगळ्यात पुढे शिवांजली.

"फोटोत कायम शिवांजलीच पुढं," ती आईला म्हणाली. "मी काय खांब हाय व्हय?"

"खांबच की!" शालूबाई जखमेवर हळद दाबत हसल्या. "पर फायनलला हात परत उकलला, तर पुढच्या खेपेला खांब घरातच रोवीन बघ."

"आई, मी न्हाई गेले तर आमी हरतोय गं!"

फायनलला दोर ताणला गेला, तसा तळहातही. पुढारणीने भेगेपलीकडच्या पेशीचा हात नुकताच धरला होता. तो सुटू लागला.

"मागनं ओढ गं! एकटीला झेपंना!" ती ओरडली.

आता आठवली होय मी! पण सोडते कशी? तिच्यावरचा ताण मी घेतला, माझ्यावरचा मागचीने, तिच्यावरचा तिच्या मागचीने. भेग उकलली नाही. राजेश्वरीने दोर सोडला नाही. सामना जिंकला! फोटोत मात्र पुढे शिवांजलीच.

घरी शालूबाईंनी तळहात उलटसुलट बघितला. "बघ, उकलला न्हाई. माझ्या हळदीचा गुण!"

हळदीचा? पुढारीण आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. तेव्हापासून आम्ही दोघी मिळून हळदीवर जळतो.

आता मी वाळून अगदी वर आले आहे, लवकरच गळून पडेन. मित्रांनो, जाता जाता एकच मागणं. खपली ओरबाडू नका. तिच्याखाली दुसऱ्या रांगेत कुणीतरी दातओठ खाऊन ओढत असतं. आणि जखम भरली की हळदीचं कौतुक खुशाल करा, पण आमचं झाल्यावर!