मर्वने चकचकीत केलेला दिवा

मित्रांनो, बुर्क गावाबाहेरच्या भंगारवाड्यात एक पांढरी स्टेशन वॅगन पडून आहे. तिचा डावा दिवा फुटला. उजवा अजून शाबूत आहे. तो मी.

मी प्लास्टिकचा असलो तरी जन्मलो तेव्हा काचेसारखा आरपार होतो. उन्हाने अंग जळू नये म्हणून कारखान्यात माझ्यावर एक पातळ, कडक थर चढवला होता. तो डोळ्यांना दिसत नसे, म्हणून त्याची किंमत कधी कोणाला कळली नाही.

मर्व आणि ग्लेनिस या नवरा-बायकोने आमची गाडी नवी कोरी घेतली. मर्व मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीचा मुकादम होता. ग्लेनिस इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घरामागे पत्र्याची शेड होती, पण तिच्यात मर्वची होडी असे. नदी आटलेली. होडी सावलीत आणि आम्ही उन्हात, अशी कित्येक वर्षे गेली. बुर्कच्या उन्हाळ्यात दाराच्या कडीला हात लावला तरी पोळतो. माझ्यावरचा थर विरत गेला. मी आधी पिवळा पडलो, मग धुरकट झालो. शेजारचा काळा बंपर राखेसारखा दिसू लागला.

ग्लेनिसला पहाटे अंधारातच कामावर निघावे लागे. ती मान पुढे काढून गाडी चालवू लागली.

"मर्व, हे दिवे बदलून टाक," ती एकदा म्हणाली. "मेणबत्ती हातात धरून चालल्यासारखं वाटतं."

"बदलायचे कशाला? घासले की होतील नवे."

मर्व नुकताच निवृत्त झाला होता आणि दिवस त्याला खायला उठत होता. दिवे उजळायचे सामान असलेला एक डबा त्याने दुकानातून आणला. डब्यात पॉलिश पेपर होता, मलम होते आणि सगळ्यात शेवटी लावायची एक छोटी बाटली होती. नवा संरक्षक थर त्या बाटलीतच होता.

"हे नुसते विकायचे धंदे," असे म्हणून मर्वने ती बाटली कोपऱ्यात भिरकावली.

त्याने मला घासघास घासले. खोटे कशाला बोलू, मी खरोखरच लख्ख झालो. दुसऱ्या पहाटे ग्लेनिसला पार वळणापर्यंतचा रस्ता दिसला. पण पिवळेपणाबरोबर माझ्या थराचा उरलासुरला अंशही निघून गेला होता.

शेजारचा केल कुंपणावर रेलून म्हणाला, "काय रे, गाडी बदललीस की काय?"

"तीच आहे. हात चांगला लागतो."

मग केलच्या गाडीचे दिवे झाले, पोस्टातल्या बाईंचे झाले, अख्ख्या गल्लीचे झाले. क्लबात लोक मर्वला "या डॉक्टर, बसा" म्हणू लागले. त्याने बंपरलाही काळे तेल चोळले. तोही चार दिवस मिरवला. पहिल्या पावसात ते तेल ओघळले आणि दारावर काळ्या रेघा उठल्या.

दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा धुरकट झालो, पहिल्यापेक्षा जास्त.

"नवी जोडी मागव," ग्लेनिस म्हणाली.

"सगळ्या गल्लीचे दिवे मी घासलेत. आता आपल्याच गाडीला नवे लावू? लोक तोंडावर हसतील."

"हसू देत. गाडी मला चालवायची असते."

"तू आधी डोळे तपासून घे."

तिने तेही केले. डोळे ठणठणीत निघाले. तिने तसे सांगितले, तेव्हा मर्वने डबाच बाहेर काढला. दर खेपेला चमक आणखी लवकर जाऊ लागली. माझ्या अंगावर बारीक चिरा पडल्या. उजेड रस्त्यावर न पडता धुक्यासारखा पसरू लागला.

अशाच एका पहाटे डाव्या बाजूने कांगारू आला. मी त्याला दाखवू शकलो नाही. अगदी जवळ आल्यावर तो ग्लेनिसला दिसला. तिने गाडी वळवली आणि आम्ही झाडावर आदळलो. माझा जोडीदार फुटला. ग्लेनिसचा पाय खाली अडकून चिरडला. त्या पायावर पुन्हा दिवसभर उभे राहणे तिच्या नशिबी नव्हते.

काही आठवड्यांनी विमा कंपनीचा माणूस गाडी पाहायला भंगारवाड्यात येणार होता. त्याच्या आधी मर्व आला. हातात तोच डबा. इकडेतिकडे बघत त्याने मला पाणी मारून भराभरा घासून लख्ख केले.

थोड्या वेळाने विमा कंपनीचा माणूस ग्लेनिसला आपल्या गाडीतून घेऊन आला. ती कुबड्यांवर होती. त्या माणसाने माझा फोटो काढला.

"दिवा छान राखलाय," तो म्हणाला. "म्हणजे कांगारू अचानकच आला असणार."

"अगदी अचानक," मर्व म्हणाला.

ग्लेनिस माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्याखालच्या धुळीत पिवळट पाण्याचे ओघळ अजून ओले होते. ते तिने पाहिले. मग मर्वच्या नखांकडे पाहिले.

"आज घासलास?"

"गाडी जरा बरी दिसावी म्हणून."

ती भांडली नाही. मर्वकडे पाठ करून ती त्या माणसाला म्हणाली, "मला डबो शहरात जायचंय, बहिणीकडं. बसथांब्यापर्यंत सोडाल?"

त्याने हात धरून तिला गाडीत बसवले. मर्व फडके घेऊन तिथेच उभा राहिला. नंतर तो इकडे फिरकला नाही.

मित्रांनो, आम्हाला घासा, पण वरचा थर चढवायला विसरू नका. जमले तर सावलीत ठेवा. एवढे करूनही भागत नसेल, तर आम्हाला खुशाल काढून टाका, आम्हाला वाईट वाटणार नाही. मात्र गाडीपुढे उभे राहून आमची पारख करू नका. आमच्या उजेडात ज्याला रस्ता शोधायचा असतो, त्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐका. ग्लेनिसने कितीदा सांगितले होते, आणि दर वेळी मर्वने मलाच घासले.